सुधीर नावाचं गाव

माझ्या वडिलांना कुठल्याही गावाची पाटी दिसली की ते आधी ती मोठ्यानं वाचतात आणि मग फोडतात. पाटी नव्हे, नाव. पुण्याहून नगरला जाताना हे चालायचं तेव्हा मी लहान होते आणि मला त्यात मजा वाटायची. वडगाव, पिंपळगाव, उंबरगाव, असं झाडामागून झाड करत प्रवास संपायचा. पण मी बारा वर्षांची असताना बाबांना अ‍ॅमस्टरडॅममध्ये नोकरी मिळाली आणि मग त्यांना रानच मोकळं झालं. अ‍ॅमस्टेल नदीवरचा बांध म्हणजे अ‍ॅमस्टरडॅम, हे त्यांनी विमानतळावरच सांगून टाकलं, सामानाच्या पट्ट्यापाशी, आमची एक बॅग येत नव्हती तेव्हा. आई म्हणाली, "अहो, बांध राहू द्या, आधी बॅग बघा. माझा कुकर आहे त्यात."

बुइटनव्हेल्डर्टला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. बुइटन म्हणजे बाहेर आणि व्हेल्ड म्हणजे शेत, हे मी विचारायच्या आधीच मला सांगण्यात आलं होतं. डोक्यावरून विमानं इतक्या खालून जायची की फोनवर आजीशी बोलताना आई मध्येच थांबायची आणि विमान गेलं की नेमकं तिथूनच वाक्य उचलायची. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना कुकरच्या शिट्टीची धास्ती होती. पहिल्या आठवड्यात ते दोनदा वर येऊन सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेले. आईनं मग गॅस बारीक ठेवून, शिट्टी होऊ न देता घड्याळावर डाळ शिजवायला सुरुवात केली, आणि वर्षभर आम्ही कधी टचटचीत तर कधी गिचका झालेलं वरण खाल्लं. सुपरमार्केटात कार्नेमेल्क नावाचं ताक मिळतं हा तिचा मोठा शोध. त्याची ती कढी करायची, मेथीदाणे आणि आलं घालून, आणि घरभर तो वास सुटला की मला क्षणभर आपण कुठं आहोत याचा विसर पडायचा. बाबा पहिला भुरका मारून म्हणायचे, "कार्ने म्हणजे घुसळणं. मेल्क म्हणजे दूध." आई म्हणायची, "मीठ बरोबर आहे का, तेवढं सांगा."

आमचं आडनाव बाभूळगावकर. बाबांच्या मते जगात यापेक्षा स्वच्छ आडनाव नाही. ते गाव मी लहानपणी एकदाच पाहिलंय. एक ओढा, शेळ्या, बाभळीच्या फांद्या रचून केलेली कुंपणं, आणि पायात मोडलेला काटा. तिथं आमचं आता कुणीच नाही, कारण खापरपणजोबांनीच ते सोडलं. यावर बाबांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते भेटेल त्याला ऐकवत. "गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण कशाला देईल? तिथं सगळे तिथलेच. गाव सोडून दुसरीकडं गेलात, की लोक विचारतात, हा कुठला? मग ते चिकटतं. 'कर' म्हणजे निघून आलेला माणूस." एकदा ऐकायला हे बरं वाटतं. आठवड्यातून तीनदा ऐकलं की डोकं उठतं. बाबा झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका उंच इमारतीत बसून बँकेचं सॉफ्टवेअर दुरुस्त करत. तिथल्या बिचाऱ्या डच सहकाऱ्यांनाही हा सिद्धान्त पाठ झाला असणार.

आता डच माणसाचा 'ग' म्हणजे घसा खाकरून काढलेला 'ख'. पहिलं वर्ष मी परदेशातून आलेल्या मुलांच्या भाषावर्गात होते आणि तिथं रोज सकाळी बाई हजेरी घ्यायच्या. माझ्या नावापाशी आल्या की चष्मा सारखा करायच्या, श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बाबूल-खाऊन-कार." वर्गातलं कुणी हसायचं नाही. उलट सगळे मान हलवून मनापासून म्हणायचा प्रयत्न करायचे, आणि तेच जास्त वाईट होतं. बाभूळ खाऊन आलेली कार झाले होते मी, आणि हा विनोद त्या अख्ख्या वर्गात एकट्या मलाच कळत होता.

वर्ष संपल्यावर मोठ्या शाळेचा फॉर्म आला. महापालिकेत पासपोर्ट समोर ठेवून कारकुनानं नावं भरली होती, त्यामुळे तिथं सगळं बरोबर होतं. शाळेचा फॉर्म भरायचा मान मात्र बाबांनी स्वतःकडं घेतला. डिक्शनरी लागत नाही म्हणाले. फॉर्मवर एक रकाना होता, 'आख्टरनाम'. डचमध्ये याचा अर्थ आडनाव, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. बाबांनी शब्द फोडला. आख्टर म्हणजे मागे. नाम म्हणजे नाव. म्हणजे मागे येणारं, शेवटचं नाव. आपल्याकडं शाळेच्या पटावर आडनाव आधी असतं, मग मुलीचं नाव आणि शेवटी वडिलांचं: बाभूळगावकर शलाका सुधीर. तर शेवटी कोण? सुधीर. त्यांनी तिथं सुधीर लिहिलं, उरलेली दोन नावं पुढच्या नावांच्या रकान्यात टाकली, 'हाक मारायचं नाव' इथं शलाका लिहिलं आणि समाधानानं सही ठोकली. पासपोर्टची प्रत मागं टाचलेली होती. ती कुणी वाचली नाही.

मोठ्या शाळेतल्या पहिल्या दिवशी वर्गशिक्षिकेनं यादी वाचली. "शलाका सुधीर." न अडखळता, न चष्मा सारखा करता. मी म्हणाले, "हजर." स्पष्टच सांगते, मला तिथल्या तिथं कळलं होतं की चूक झालीय, आणि मला ती चूक हवी होती. सुटसुटीत, गुळगुळीत, कुणाच्याही घशात न अडकणारं नाव. बाबांना कळलं तर ते धावत येऊन दुरुस्ती करणार, वर वर्गासमोर 'कर'चा सिद्धान्त सांगणार, आणि मी पुन्हा बाभूळ खाणार. म्हणून मी दोन वर्षं तोंडातून अक्षर काढलं नाही. पालकांना बोलावलं की आईला पुढं करायचे. शाळेत तिला 'मेव्राउ सुधीर' म्हणत, म्हणजे सुधीरबाई. सुधीरच्या बायकोला सुधीरबाई म्हणतात, यात तिला काही वावगं वाटलं नाही. डच लोक पहिल्या नावानं बोलावतात, मोकळी माणसं आहेत, एवढंच ती घरी येऊन म्हणाली.

तिसऱ्या वर्षी इंग्रजी शिकवायला थॉर्नटन नावाचे गृहस्थ आले. इंग्लंडचे, उंच, सायकलच्या क्लिपा पँटला तशाच ठेवून वर्गात येणारे. माझं नशीब असं, की पृथ्वीच्या पाठीवर नावं फोडणारा दुसरा माणूस असेल तर तो हाच. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर स्वतःचं आडनाव लिहिलं आणि मधोमध खडूनं रेघ मारली. थॉर्न म्हणजे काटा, काटेरी झुडूप. पुढचं 'टन' हे जुन्या इंग्रजीतलं 'टून', म्हणजे कुंपण घातलेली जागा, मग तिथली वस्ती, मग गाव. डचमधली बाग, टुइन, आणि इंग्रजीतलं शहर, टाउन, दोन्ही त्याच कुंपणातून निघाली. इंग्लंडात थॉर्नटन नावाची गावं ढिगानं आहेत म्हणाले, त्यातलं आपलं कुठलं ते त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की आडनावं चार तऱ्हेची असतात, गावावरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून आणि टोपणनावावरून. प्रत्येकानं आपलं शोधायचं आणि वसंतात एका संध्याकाळी पालकांसमोर नकाशा लावून सांगायचं.

सरांनी हे सगळं लिहून दिलेला कागद मी जेवणाच्या टेबलावर विसरले, ही माझी चूक. बाबा ऑफिसातून आले, सायकलचं हेल्मेट काढायच्या आधी त्यांनी तो उचलला, आणि मला त्यांच्या मानेवरूनच कळलं की आता खैर नाही.

"शलू! हे वाचलंस का तू?"

"होमवर्क आहे, बाबा. द्या इकडं."

"थॉर्न म्हणजे काटा. टून म्हणजे कुंपण. आपली वाडी कशावरून आली? वाटिका. म्हणजे तीही कुंपणातलीच जागा. कोकणात वाडी म्हणजे बाग, घाटावर वाडी म्हणजे वस्ती. इथं टुइन, तिथं टाउन! अगं, हा माणूस बाभूळगावकर आहे!"

"बाबा, प्लीज. ही इज इंग्लिश."

"असेल. गाव सोडून आलाय ना? झालं तर. नीलिमा, ऐकलंस का, शलूचे सर आपले गाववाले निघाले."

आई आतून म्हणाली, "मग जेवायला बोलवायचंय का त्यांना? भाकरी खातील?"

"बोलवायलाच हवं."

 एका थॉर्नटनला दुसरा थॉर्नटन भेटला असता तर पहिल्या मिनिटाला आडनावांची देवाणघेवाण झाली असती आणि पुढच्या मिनिटाला माझं सुधीर संपलं असतं. सर कामात आहेत, सर आजारी आहेत, सर शाकाहारी नाहीत, असं करत मी ते जेवण महिनोन् महिने पुढं ढकललं. हल्ली बाबा पुण्यातून मला फोनवर इंग्लंडातली गावं पाठवतात, ॲपलबी, ॲश्टन, ओकली, आणि खाली 'बघ, हे आपलं आंबेगावच' असं लिहितात. मी कामाच्या मीटिंगमध्ये असते. अजूनही माझा पहिला उद्गार 'अहो बाबा' असाच असतो, तर पंधराव्या वर्षी काय होत असेल याची कल्पना करा.

खरं म्हणजे सुटका अगदी सोपी होती. वर्गात दोन यान्सन होते. यान्सन म्हणजे यानचा मुलगा, बापाच्या नावावरून पडलेलं आडनाव. मलाही तेच सांगता आलं असतं की सुधीर हे माझ्या वडिलांचं नाव. पण मग सरांनी विचारलं असतं, तर वडिलांचं आडनाव काय? म्हणून मी सुधीरचं गाव केलं. नकाशावर पुणे आणि नगरच्या मध्ये कुठंतरी एक ठिपका दिला. ओढा घातला, शेळ्या घातल्या, काटेरी कुंपणं घातली. जे बाबांनी आयुष्यभर ऐकवून ऐकवून मला कंटाळा आणला होता तेच सगळं मी त्या गावाला दिलं, कारण दुसरं कुठलं गाव मला माहीतच नव्हतं. त्या पंधरा वर्षांच्या मुलीला आज कुठं गाठता आलं तर मी तिचा कान धरीन.

आमंत्रणाचं पत्र मी बटाट्याच्या सालांखाली कचऱ्यात घातलं. शाळेनं तेच पत्र टपालानंही पाठवलं होतं हे मला माहीत नव्हतं. त्यावर पत्ता होता 'फामिली सुधीर'. बाबांना तो घरगुतीपणा इतका आवडला, की त्यांनी पत्र ऑफिसच्या बॅगेत ठेवलं आणि मला अचानक येऊन खूश करायचं ठरवलं.

त्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये कॉफीचा वास होता आणि पालक ओल्या कोटांसकट खुर्च्यांवर दाटीनं बसले होते. माझ्याआधी एक यान्सन झाला. मी पुढं गेले, नकाशा टाचला, वळले, आणि शेवटच्या रांगेत बाबा दिसले. लग्नाकार्यातला निळा ब्लेझर, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा. त्यांनी मला हात केला. तोवर माझं पहिलं वाक्य तोंडातून निघून गेलं होतं: "माझं आडनाव सुधीर."

बाबांचा हात वरच राहिला. मला थांबता आलं असतं, पण पाठ केलेलं भाषण माझ्या हातात नव्हतं, ते आपलं आपण पुढं जात होतं. सुधीर हे एक लहान गाव आहे. तिथं एक ओढा आहे. तिथं बाभळीची झाडं आहेत, त्यांच्या फांद्यांची कुंपणं करतात, आमचे पूर्वज ते गाव सोडून निघाले आणि तेव्हा त्यांना ते नाव चिकटलं. बाबांचं वाक्य न् वाक्य मी त्यांच्याच तोंडावर म्हणत होते, फक्त गावाच्या जागी ते स्वतः होते. टाळ्या पडल्या. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर लाजेहून जास्त राग येत होता, की हे आलेच का, कुणी बोलावलं होतं यांना.

थॉर्नटन सर तर हरखून गेले. "काट्यांचं कुंपण! म्हणजे आपण शेजारीच झालो." मग त्यांनी हॉलवर नजर फिरवली. एकच भारतीय गृहस्थ बसले होते. "मिस्टर सुधीर ना? तुम्ही अजून जाता का त्या गावाला?"

बाबा उठले. डबा खुर्चीवर ठेवला. मला वाटलं, झालं. आता 'कर' येणार, वाटिका येणार, फॉर्म येणार, आणि मी इथून सरळ विमानतळावर जाणार. ते माझ्याकडं बघत नव्हते, नकाशावरच्या ठिपक्याकडं बघत होते. त्यांच्या त्या सावकाश, पुणेरी इंग्रजीत ते म्हणाले, "फार लहान गाव आहे, सर. हल्ली तिकडं फारसं कुणी जात नाही."

लोकांनी सहानुभूतीनं माना हलवल्या. ओस पडणारी गावं त्यांच्याकडंही होती. बाबा खाली बसले आणि डबा पुन्हा मांडीवर घेतला.

घरी येताना आम्ही सायकली हातात धरून चालत आलो. वाटेतल्या एकाही पाटीवर ते काही बोलले नाहीत. वर्षानुवर्षं मी ज्या शांततेसाठी तरसले होते ती मला मिळाली आणि मला ती चार मिनिटंही सोसेना. आईनं पानं घेतली, कढी वाढली आणि आमच्या दोघांच्या तोंडांकडं पाहिलं. शेवटी मीच भडकले. "चूक तुमची आहे. आख्टरनाम म्हणजे आडनाव! फॉर्मवर तुम्हीच सुधीर लिहिलंत. सगळे मला त्याच नावानं ओळखतात, मी काय करू?"

बाबांनी वाटी खाली ठेवली. "अडीच वर्षं," ते म्हणाले. "अडीच वर्षांत मला एकदा सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लेक्चर दिलं असतंत."

"दिलं असतं," ते म्हणाले. मग एकदम त्यांचा आवाज चढला, आणि तो अपमानानं चढला होता की शब्दाचा अर्थ चुकला म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. "आख्टर म्हणजे मागे, हे खरं की खोटं? त्यांनी विचारलं, मुलीच्या नावामागं कोण आहे? मग मी कुणाला लिहू? मुलीच्या मागं बाप नाही तर कोण असतो?"

आई म्हणाली, "अहो, कढी निवतेय." तिचे डोळे भरले होते.  बाबा ताटावरून उठले नाहीत, सगळं जेवले, आणि कढीतल्या कशाचीही फोड न करता हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या ऑफिसात गेले आणि नाव दुरुस्त करायचंय म्हटलं. खिडकीतल्या बाईंनी मला वेगळाच फॉर्म दिला, एका चौकटीत एक अक्षर असा. आडनावाच्या चौकटी भरत गेले तर शेवटच्या अक्षराला जागाच उरली नाही. मी पेननं बाहेर एक चौकट आखली आणि त्यात ते बसवलं. बाई म्हणाल्या, असं करता येत नाही. मी म्हटलं, मग मोठा फॉर्म छापा. त्यांनी सुस्कारा सोडून चष्म्यातून वरचा रकाना पाहिला, जिथं मी शलाकाच्या मागं सुधीर लिहिलं होतं. काल कॉफी देताना त्या हॉलमध्येच होत्या.

"सुधीर," त्या म्हणाल्या. "हे कालचंच गाव ना, जिथं आता कुणी जात नाही?"

"मी जाते," मी म्हणाले.